'पिक अप मी' की 'पिक मी अप'? इंग्रजीत सर्वनाम आणि प्रीपोझिशन जोडण्याची रीत, पायरीपायरीने

ऐरोलीच्या एका ऑफिसात नव्याने लागलेल्या मुलीने आपला फोन माझ्यापुढे धरला. सहकाऱ्याला पाठवलेला मेसेज असा होता: 'आय वेटेड यू ॲट द स्टेशन. यू डिडन्ट टोल्ड टू मी. नाऊ पिक अप मी.' अर्थ पोचला होता, गाडीही आली होती. पण सहकाऱ्याने तो मेसेज ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि खाली हसरे चेहरे पडले. तिचा प्रश्न रास्त होता: "सर, यातला एकही शब्द अवघड नाही. मग चुकलं कुठे?"

तीन वाक्यांत तीन चुका, आणि तिन्ही एकाच सांध्यावर. 'यू'च्या आधी एक छोटा जोडणारा शब्द (प्रीपोझिशन, म्हणजे 'टू', 'फॉर', 'विथ' यांसारखा) हवा होता, तो नाही. 'मी'च्या आधी एक नको होता, तो घुसला. तिसऱ्या वाक्यात शब्द सगळे बरोबर, पण जागा चुकली. ('डिडन्ट टोल्ड' ही काळाची चूक. ती आजचा विषय नाही.)

ठाण्यात कोपरीला मी रविवारी सकाळी इंग्रजी संभाषणाची बॅच घेतो. तिथे कारखान्यातले सुपरवायझर येतात, पालकसभेला घाबरणाऱ्या आया येतात, नुकतीच पदवी झालेली मुलं येतात, आणि सगळे याच सांध्यावर अडखळतात. कारण आपण वाक्य मराठीत बांधतो आणि मग 'वर'ला 'ऑन', 'ला'ला 'टू', 'शी'ला 'विथ' असे बिल्ले लावत सुटतो. प्रत्ययाकडे बघणं हे खरं तर चौथ्या पायरीचं काम. तिथूनच सुरुवात केली की पुढचं सगळं घसरतं. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

## तयारी: एक पान, दोन रकाने

वहीच्या एका पानावर उभी रेघ मारा. डावीकडे लिहा: 'आय', 'वुई', 'यू', 'ही', 'शी', 'इट', 'दे'. त्यांच्यासमोर उजवीकडे: 'मी', 'अस', 'यू', 'हिम', 'हर', 'इट', 'देम'. सगळ्यात खाली आठवी जोडी: 'हू' आणि 'हूम'. डावा रकाना काम करणाऱ्यांचा. उजवा रकाना ज्यांच्यावर काम घडतं त्यांचा, आणि प्रीपोझिशनच्या पाठीमागे उभं राहणाऱ्यांचाही.

इथे एक विचित्र सापळा आहे. मराठी मी म्हणजे इंग्रजी 'आय', आणि इंग्रजी 'मी' म्हणजे मराठी मला. मराठीतली ही बाई असते, इंग्रजीतला 'ही' पुरुष. 'शी' हा आपल्याकडे प्रत्यय, 'दे' ही आपल्याकडे आज्ञा. गंमत वाटते, पण घाईत जीभ खरोखर घसरते. इथून पुढे अवतरणचिन्हात जे आहे ते इंग्रजी, बाहेर आहे ते मराठी, एवढं धरून चाला.

दुसरी तयारी: दोन दिवस स्वतःच्या तोंडची मराठी वाक्यं टिपून ठेवा. रिक्षावाल्याशी, सोसायटीच्या सेक्रेटरीशी, बँकेत, शाळेत, साहेबांशी बोललेली वीसेक वाक्यं पुरेत. पुस्तकातली 'द कॅट इज अंडर द टेबल' नकोत. टेबलाखालची ती मांजर कुणाच्या कामाला आलेली मी तरी पाहिलेली नाही.

तपासणी: उजवा रकाना हाताने झाका आणि डाव्या रकान्यावरून मोठ्याने म्हणा. आठही जोड्या न थांबता आल्या की पुढे जा. 'शी'–'हर' आणि 'दे'–'देम' इथे बहुतेकांची गाडी थांबते.

## पायरी १: वाक्यातला धनी शोधा

मराठी मला फार कामं करतो. मला भूक लागली. मला उशीर झाला. मला माहीत आहे. मला हे गाणं आवडतं. मला ताप आलाय. या पाचही वाक्यांत मला आहे, पण इंग्रजीत 'टू मी' किंवा 'मी' एकाही ठिकाणी नाही: 'आय ॲम हंग्री', 'आय ॲम लेट', 'आय नो', 'आय लाइक धिस साँग', 'आय हॅव अ फीव्हर'. भूक, उशीर, माहिती, आवड, ताप हे ज्याच्या वाट्याला येतं, त्याला इंग्रजी थेट डाव्या रकान्यातून उचलून वाक्याच्या तोंडाशी बसवते.

तेच बाकीच्या रूपांचं. माझ्याकडे सुट्टे नाहीत: 'आय डोन्ट हॅव चेंज'. तिला दोन मुलं आहेत: 'शी हॅज टू चिल्ड्रन'. त्याच्याकडून फाइल हरवली: 'ही लॉस्ट द फाइल'. माझ्याने हे होणार नाही: 'आय कान्ट डू इट'. मराठीत जिथे प्रत्यय चिकटलाय तिथे इंग्रजीत प्रीपोझिशन असेलच असं नाही, हे एकदा मनात बसलं की निम्म्या चुका इथेच गळतात.

मग मला सांग, मला दे, मला बोलाव यांचं काय? इथे धनी वेगळा आहे. सांगणारा, देणारा, बोलावणारा तो, आणि मी फक्त घेणारा. म्हणून 'टेल मी', 'गिव्ह इट टू मी', 'कॉल मी'.

थोडे अपवाद आहेत आणि ते पाठच करावे लागतात. मला काही फरक पडत नाही: 'इट डझन्ट मॅटर टू मी'. इथे 'टू मी' खरंच लागतं.

इशारा: साहेब 'दे' नव्हेत. ते आले, ते म्हणाले, असं आपण आदराने म्हणतो, आणि मग 'सर इज नॉट हिअर, दे आर इन वाशी' असं निघून जातं. ऐकणारा विचारात पडतो की वाशीला नक्की किती जण गेलेत. इंग्रजीत साहेबही 'ही' आणि 'हिम', मॅडम आणि सासूबाई 'शी' आणि 'हर'. आदर 'सर' म्हणण्यात आला, अनेकवचनात नाही. उलट, वस्तूला आपण तो-ती म्हणतो, इंग्रजीत ती 'इट'. बाइक बंद पडली तर 'इट इज नॉट स्टार्टिंग'. मराठीत ती असली तरी तिला 'शी' म्हणायचं नाही.

## पायरी २: क्रियापदाला विचारा, सोबत कोण लागतं?

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या. माझ्या बॅचमध्ये दोन रविवार हीच चालते.

सर्वनामाच्या आधी प्रीपोझिशन यायचं की नाही, आणि कोणतं, हे मराठी प्रत्यय ठरवत नाही. इंग्रजी क्रियापद ठरवतं. म्हणून क्रियापद एकटं पाठ करू नका. 'वेट' असं वहीत लिहू नका, 'वेट फॉर हिम' असं लिहा. 'लिसन' नाही, 'लिसन टू हर'. वहीत तीन गट करा.

पहिला गट, ज्यांना मध्ये कुणी खपत नाही: 'टेल हिम', 'आस्क हर', 'कॉल मी', 'मीट देम', 'हेल्प अस', 'आन्सर हिम', 'कॉन्टॅक्ट हर', 'ट्रस्ट मी', 'मॅरी हिम', 'डिस्कस इट'.

दुसरा गट, ज्यांचं सोबतीशिवाय चालत नाही: 'लिसन टू हर', 'टॉक टू हिम', 'रिप्लाय टू देम', 'अपॉलोजाइज टू हर', 'वेट फॉर मी', 'लुक ॲट इट', 'लाफ ॲट मी', 'डिपेंड ऑन अस', 'ॲग्री विथ हिम'.

तिसरा गट, ज्यात वस्तू थेट येते आणि माणूस 'टू' घेऊन मागून येतो: 'से इट टू हिम', 'एक्सप्लेन इट टू मी', 'सजेस्ट इट टू देम', 'इंट्रोड्यूस हर टू मी'.

पहिल्या गटात आपण प्रीपोझिशन घुसवतो, कारण मराठीत प्रत्यय असतो. त्याच्याशी लग्न केलं, म्हणून 'मॅरीड विथ हिम'. बरोबर आहे 'शी मॅरीड हिम'. (लग्न झालेलं आहे ही स्थिती सांगायची असेल तर 'शी इज मॅरीड टू हिम'. तिथेही 'विथ' नाही.) त्याबद्दल चर्चा करू, म्हणून 'डिस्कस अबाउट इट'. ही चूक इतकी रुळलीये की मीटिंगमध्ये बॉसच ती करतो आणि मग खालचे उचलतात. 'डिस्कस इट' किंवा 'टॉक अबाउट इट', दोन्हींतलं एक घ्या, खिचडी नको. मात्र 'डिस्कशन' हे नाम झालं की 'अबाउट' चालतं: 'वुई हॅड अ डिस्कशन अबाउट इट'.

दुसऱ्या गटात उलट होतं. मी तिची वाट बघत होतो, या वाक्यात साठी कुठेच नाही, म्हणून 'फॉर' सुचत नाही आणि 'आय वेटेड हर' बाहेर पडतं. माझं ऐक, यातही शी नाही, ला नाही, म्हणून 'लिसन मी'. मराठी वाक्यात प्रत्यय शोधत बसाल तर 'फॉर' आणि 'टू' तुम्हाला कधीच सापडणार नाहीत.

तिसऱ्या गटाची खूण म्हणजे 'एक्सप्लेन मी'. आपल्याकडे ही चूक मुलाखतीतही ऐकू येते. 'टेल मी' चालतं म्हणून 'एक्सप्लेन मी' आणि 'से मी' चालेल असं वाटतं. चालत नाही. सांगायची गोष्ट माणसाच्या मागून आली तरी 'एक्सप्लेन टू मी हाउ इट वर्क्स' असा 'टू' राहतोच. आणि 'सजेस्ट मी अ गुड डेंटिस्ट'ऐवजी सरळ 'कॅन यू सजेस्ट अ गुड डेंटिस्ट?' म्हणा. 'मी' लागतच नाही, विचारताय तुम्हीच.

काही क्रियापदं प्रीपोझिशन बदललं की अर्थ पालटतात. 'शाउट टू हिम' म्हणजे प्लॅटफॉर्मच्या पलीकडून त्याला हाक मारणं. 'शाउट ॲट हिम' म्हणजे त्याच्यावर डाफरणं. 'थ्रो इट टू मी' म्हटलं तर समोरचा चावी झेलता येईल अशी फेकेल, 'थ्रो इट ॲट मी' म्हटलं तर नेम धरून मारेल. 'लुक ॲट हिम' बघ त्याच्याकडे, 'लुक फॉर हिम' शोध त्याला, 'लुक आफ्टर हिम' सांभाळ त्याला. या जोड्या घाईने पुढे ढकलू नका, इथेच माणसं दुखावली जातात.

तपासणी: टिपलेल्या वीस वाक्यांतली क्रियापदं या तीन गटांत वाटा. एखादं कुठे जातं ते कळत नसेल तर चांगल्या इंग्रजी-इंग्रजी शब्दकोशातलं त्याचं उदाहरणवाक्य बघा. अर्थ नको, उदाहरण बघा.

## पायरी ३: आता सर्वनाम, आणि तेही उजव्या रकान्यातलं

ही पायरी मराठी माणसाला खरं तर सोपी जायला हवी. आपण मीबरोबर, तोसाठी, तीकडे असं कधी म्हणतो का? तीन वर्षांचं पोरही माझ्याबरोबर, त्याच्यासाठी, तिच्याकडे म्हणतं. प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागायच्या आधी सर्वनाम रूप बदलतं, याला शाळेत सामान्यरूप म्हणायचे. इंग्रजीतला उजवा रकाना म्हणजे तेच. 'विथ ही' हे कानाला तोबरोबर इतकंच खटकलं पाहिजे. फरक एवढाच की आपल्याकडे जोडणारा शब्द मागून येतो, तिकडे पुढून.

एकटं सर्वनाम असेल तर फारसं कुणी चुकत नाही. दोन माणसं आली की मात्र घोळ. 'बिटवीन यू अँड आय', 'फॉर माय वाइफ अँड आय'. याचं मूळ शाळेत आहे. 'मी अँड राजू' म्हटल्यावर बाईंनी छडी आपटून 'राजू अँड आय' म्हणायला लावलं, आणि तेव्हापासून 'अँड आय' म्हणजे सभ्यपणा अशी समजूत झाली. दुसऱ्याला आधी आणि स्वतःला शेवटी ठेवणं हा सभ्यपणाचा भाग ठीक. पण 'आय' की 'मी' हा वेगळा प्रश्न आहे, तो जागेवरून ठरतो.

यासाठी बोटाची युक्ती वापरा. दुसऱ्या माणसावर बोट ठेवून त्याला झाका. 'द बिल इज फॉर माय वाइफ अँड आय', बायकोला झाकलं की उरतं 'फॉर आय'. खटकलं ना? मग 'फॉर माय वाइफ अँड मी'.

'आय' की 'मी' कळेना म्हणून 'मायसेल्फ'च्या आडोशाला जाणारेही पुष्कळ. 'प्लीज कॉन्टॅक्ट सुनीता ऑर मायसेल्फ'. इथे 'ऑर मी' हवं. आणि ओळख करून देताना 'मायसेल्फ राजेश, फ्रॉम ठाणे' नको, 'आय ॲम राजेश'. 'बाय मायसेल्फ' मात्र वेगळं आणि उपयोगी आहे, अर्थ एकट्याने: 'आय ट्रॅव्हल बाय मायसेल्फ'.

'सेल्फ' कधी लावायचं? काम उलटून करणाऱ्यावरच येत असेल तर. 'ही वॉज टॉकिंग टू हिमसेल्फ', स्वतःशीच बोलत होता. पण प्रीपोझिशन नुसतं ठिकाण दाखवत असेल तर साधा उजवा रकाना. पावसाळ्यात छत्री बरोबर ठेव: 'कीप ॲन अम्ब्रेला विथ यू', 'विथ युवरसेल्फ' नाही. येऊरला तिला आपल्या जवळच साप दिसला: 'शी सॉ अ स्नेक नीअर हर'. मराठीतल्या आपल्या, स्वतःच्या या शब्दांमुळे 'सेल्फ' जिभेवर येतं, तिथे आवरा.

## पायरी ४: वर, शी, कडे, पेक्षा यांचे बिल्ले काढा

क्रियापद आणि सर्वनाम ठरलं, आता प्रत्ययाकडे या. प्रत्ययाला एकच इंग्रजी शब्द ठरवून ठेवू नका.

वर घ्या. माझ्यावर अवलंबून आहे, 'डिपेंड्स ऑन मी', इथे 'ऑन' जुळतं आणि त्यामुळेच आपण फसतो. माझ्यावर रागावलाय, 'अँग्री विथ मी'. माझ्यावर ओरडला, 'शाउटेड ॲट मी'. माझ्यावर विश्वास ठेव, 'ट्रस्ट मी'. माझ्यावर सोपव, 'लीव्ह इट टू मी'. तिच्यावर प्रेम आहे, 'आय लव्ह हर', आणि इथे 'ऑन' घातलंत तर प्रकरण जुळायच्या आत मोडेल. उलट 'इट्स ऑन मी' हे स्वतंत्र वाक्य आहे. मामलेदारची मिसळ खाऊन उठताना म्हणाल तर अर्थ होतो बिल मी देतो. विचार करून म्हणा.

कडेचं तसंच. माझ्याकडे बघ, 'लुक ॲट मी'. माझ्याकडे ये, 'कम टू मी'. माझ्याकडे लक्ष दे, 'पे अटेन्शन टू मी'. तो आमच्याकडे राहतो, 'ही लिव्ह्ज विथ अस'. माझ्याकडे गाडी आहे, 'आय हॅव अ कार', हे पायरी १ मध्ये झालंच.

शीबद्दल एवढंच: बोलणं 'टू', भांडण आणि सहमती 'विथ', उद्धट वागणं 'रूड टू', लग्न काहीच नाही.

पेक्षाला 'दॅन' बहुतेक वेळा बरोबर: 'शी इज टॉलर दॅन मी'. अपवाद 'सीनियर' आणि 'ज्युनियर'. त्यांना 'टू' लागतो: 'ही इज सीनियर टू मी'. तिसरं 'प्रिफर': 'आय प्रिफर धिस टू दॅट'.

## पायरी ५: देणं-घेणं

'गिव्ह मी द फाइल' आणि 'गिव्ह द फाइल टू मी' दोन्ही बरोबर. पण फाइलच्या जागी 'इट' आलं की एकच रस्ता धरा: 'गिव्ह इट टू मी', 'सेंड इट टू हर', 'शो देम टू हिम'. वस्तू आधी, मग 'टू', मग माणूस.

'टू' की 'फॉर'? वस्तू हातातून हातात जात असेल तर 'टू': 'गिव्ह', 'सेंड', 'शो', 'लेंड'. कुणाच्या वतीने किंवा कुणासाठी काही करायचं असेल तर 'फॉर': 'बाय इट फॉर मी', 'बुक इट फॉर हर', 'कीप इट फॉर अस'. वाशीच्या बाजारातून माझ्यासाठी आंब्याची पेटी घे, 'बाय इट फॉर मी'. ती पेटी माझ्या घरी पाठव, 'सेंड इट टू मी'. पेटी एकच, शब्द दोन.

इशारा: 'लेंड' देणाऱ्याचा, 'बॉरो' घेणाऱ्याचा. 'लेंड मी युवर पेन', पण 'आय बॉरोड इट फ्रॉम हिम'. 'बॉरो मी युवर पेन' असं म्हणू नका.

## पायरी ६: मधे बसणारं सर्वनाम

आता त्या मुलीच्या तिसऱ्या वाक्याकडे. 'पिक अप', 'स्विच ऑफ', 'ड्रॉप ऑफ', 'कॉल बॅक', 'फिल इन', 'थ्रो अवे' या जोड्यांत नाम आलं तर दोन्ही जागा मोकळ्या: 'पिक अप द पार्सल', 'पिक द पार्सल अप'. सर्वनाम आलं तर ते मधेच बसतं, दुसरी जागा नाही: 'पिक इट अप', 'स्विच इट ऑफ', 'फिल इट इन', 'कॉल हिम बॅक', 'ड्रॉप मी ऑफ ॲट माजिवडा'.

पण सगळ्या जोड्या अशा फुटत नाहीत. 'लुक आफ्टर हर', 'डील विथ इट', 'रन इनटू हिम' यांत सर्वनाम शेवटी. 'लुक हर आफ्टर' म्हणणार नाही तुम्ही, कान सांगतो. कानावर भरवसा नसेल तर जोर कुठे पडतो ते ऐका. 'स्विच इट ऑफ', जोर शेवटच्या शब्दावर, म्हणजे सर्वनाम मधे. 'लुक ॲट इट', जोर क्रियापदावर आणि 'ॲट' दबलेला, म्हणजे सर्वनाम शेवटी. मोठ्याने म्हणून बघितल्याशिवाय ही खूण सापडत नाही. तीन शब्दांची मोळी असेल तर सर्वनाम बहुतेक वेळा शेवटी: 'पुट अप विथ हिम', 'लुक फॉरवर्ड टू इट'.

प्रवासाचं थोडं वेगळं. ट्रेन आणि बसला 'गेट ऑन इट', 'गेट ऑफ इट'. रिक्षा आणि कारला 'गेट इन', 'गेट आउट ऑफ इट'. उतरण्याला आपण सर्रास 'गेट डाउन' म्हणतो. डब्यात ते कळतं, बाहेरदेशीच्या क्लायंटशी बोलताना 'गेट ऑफ' म्हणा.

## पायरी ७: माझा एक मित्र

'माय वन फ्रेंड' ही शुद्ध मराठी चूक आहे, माझा एक मित्र उचलून जसाच्या तसा ठेवलेला. इंग्रजीत दोन वाटा: 'वन ऑफ माय फ्रेंड्स' (शेवटचा 'स' विसरू नका, अनेकांतला एक आहे) किंवा 'अ फ्रेंड ऑफ माइन'. दुसऱ्या वाटेत 'ऑफ'नंतर 'मी' नाही, 'माइन'. तसंच 'अ कलीग ऑफ हर्स', 'अ नेबर ऑफ अवर्स', 'अ कझिन ऑफ देअर्स'. उजव्या रकान्याचा नियम इथे लागत नाही, म्हणून वहीत ही रूपं तिसऱ्या रकान्यात लिहा.

## पायरी ८: प्रश्न आणि जोडवाक्यं

कोणाबरोबर गेलीस? 'हू डिड यू गो विथ?' प्रीपोझिशन वाक्याच्या शेवटी लोंबकळतं आणि बोलण्यात ते चुकीचं नाही. 'विथ हूम डिड यू गो?' हेही बरोबर, फक्त अर्जासारखं वाटतं. प्रीपोझिशन पुढे आणलंत तर मात्र 'हूम' हवं.

जोडवाक्यात सर्वनाम दोनदा नको. मी ज्याच्याशी बोलले तो एजंट: 'द एजंट आय स्पोक टू'. 'स्पोक टू हिम' म्हटलं की 'हिम' जास्तीचा झाला.

## सराव: ठाणे ते वाशी

ठाण्याहून वाशीच्या गाडीत बसा. दिघा गाव, ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, सानपाडा, वाशी. आठ टप्पे, आपल्या आठ जोड्या. एक क्रियापद घ्या, समजा 'वेट फॉर'. दिघा गावापर्यंत 'मी'ची तीन वाक्यं मनात, ऐरोलीपर्यंत 'अस'ची, मग 'यू', 'हिम', असं करत सानपाड्यानंतर 'हूम'चे प्रश्न. परतीला दुसरं क्रियापद. ओठ हलले तर हलू द्या, त्या गर्दीत अर्धे लोक कानात वायर घालून एकटेच बोलत असतात.

आठवडाभराने खालची वाक्यं उत्तर झाकून दुरुस्त करा. प्रत्येकाशी कोणती पायरी चुकली तेही लिहा.

1. 'लेट अस डिस्कस अबाउट इट विथ ही.' दुरुस्त: 'लेट अस डिस्कस इट विथ हिम.' (पायरी २ आणि ३)
2. 'सर सेड मी दॅट दे वेअर लेट.' दुरुस्त: 'सर टोल्ड मी दॅट ही वॉज लेट.' (पायरी २ आणि १)
3. 'माय वन कलीग एक्सप्लेन्ड मी द फॉर्म.' दुरुस्त: 'अ कलीग ऑफ माइन एक्सप्लेन्ड द फॉर्म टू मी.' (पायरी ७ आणि २)
4. 'धिस इज बिटवीन शी अँड आय.' दुरुस्त: 'धिस इज बिटवीन हर अँड मी.' (पायरी ३)
5. 'ही इज अँग्री ऑन मी.' दुरुस्त: 'ही इज अँग्री विथ मी.' (पायरी ४)
6. 'आय वेटेड यू ॲट द स्टेशन. यू डिडन्ट टोल्ड टू मी. नाऊ पिक अप मी.' दुरुस्त: 'आय वेटेड फॉर यू ॲट द स्टेशन. यू डिडन्ट टेल मी. नाऊ पिक मी अप.' (पायरी २, पुन्हा २, आणि ६)